कंसातलं वाक्य

दिग्दर्शिका पेत्रा दुकानात आली ती दूध घ्यायला,
आणि जाताना मला घेऊन गेली.
"चेहरा हवा होता," म्हणाली, "अगदी असाच."
असाच म्हणजे कसा, ते मी विचारलं नाही.
वीस वर्षं गल्ल्यामागे बसलं की
माणूस सुट्टे आहेत का विचारतो, बाकी काही नाही.

कौटुंबिक सिनेमा. एक झेक घर, इथलंच, ऊस्तीतलं,
लाबे नदीकडे तोंड केलेलं.
बाप दारू सोडतोय, आई घर सोडतेय,
थोरला सून आणतोय व्हिएतनामी,
आणि मी त्या सुनेची आई.
अनुदानाच्या अर्जात 'विविधता' नावाचा रकाना होता म्हणे.
तो माझ्या तोंडाने भरला.

तक्रार नाही. पैसे वेळेवर दिले,
जेवायला बदक होतं, बटाट्याच्या गोळ्यांबरोबर.

संहिता सत्त्याण्णव पानांची.
दारुड्या बापाला एकट्याला अकरा पानं.
कुत्र्यालाही नाव होतं.
माझ्या वाट्याला एकाहत्तराव्या पानावर एक कंस:
(आई आपल्या भाषेत काहीतरी बोलते.)

"काहीतरी म्हणजे काय बोलू?"
"काहीही," पेत्रा म्हणाली, मनाने चांगली बाई,
"आवाजात दुःख असलं की झालं.
कळणार कुणाला आहे?"

पहिल्या वेळी मी गाजरांचा भाव सांगितला.
किलोला बावीस, आणि कालची कोबी
जरा मऊ पडली आहे, घ्यायची तर घ्या.
गळा दाटून आणला.
दिवेवाल्या पोराने डोळे पुसले.
"सुरेख," पेत्रा म्हणाली, "फक्त माइकची सावली आली. पुन्हा."

पुन्हा.
टेबलावर तेच बदक, आता गार.
समोर खोटे व्याही, खोटी विहीण, शेजारी खोटी मुलगी
(ती प्रागची, मंगोल बापाची; आमच्यातली म्हणून खपली)
आणि कोण जाणे का, माझ्या तोंडून गेलं:

आई, तू गेलीस त्या दिवशी
मी दुकान उघडंच ठेवलं.
फोन सहाला आला. सातला पाव आले.
मी पाव मोजून घेतले, एकशे वीस.
संध्याकाळपर्यंत सगळे खपले
आणि मला बरं वाटलं, आई,
एकही उरला नाही म्हणून.

कॅमेरा थांबला. कुणी डोळे पुसले नाहीत.
"हेही चालेल," पेत्रा म्हणाली.
चाललं तेच.

पहिल्या खेळाला होआंगने सूट घातला.
शाळेत त्याचा होन्झा झाला तो झालाच.
शेजारच्या यर्मिला आजीच्या मांडीवर वाढला,
शिंकतोसुद्धा तिच्याच सुरात.
माझ्या भाषेतलं त्याला जेवण कळतं, रागावणं कळतं.
मधलं नाही.

पडद्यावर माझं तोंड शटरएवढं झालं.
खाली अक्षरं आली, पांढरी, नीटनेटकी:
(परक्या भाषेत बोलते.)
दोनशे माणसांनी ते वाचलं.
काहींनी समजल्यासारखी मानही हलवली.

तेवढ्यात मागून, नवव्या रांगेतून,
बाजारात बूट विकणारी म्हातारी तुयेत,
आमच्या भाषेत, जणू मी तिच्या गाळ्यावरच उभी आहे:
"मीही उघडंच ठेवलं होतं, पोरी."
कुणीतरी शूऽऽ केलं.

घरी येताना ट्रॉलीबसमध्ये
होआंग बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता.
"आई, 'पाव' कळलं मला," म्हणाला. "आणि 'सहा'."
मग थोड्या वेळाने:
"फोन कुणाचा होता?"

आमचा थांबा तिसरा.
आम्ही शेवटच्याला उतरलो.